वरची चार तिकिटं

मिथुनने मोबाइल आधी आबांच्या हातात दिला, इथेच त्याचं चुकलं. आबांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही आणि चष्मा ते पेणला विसरून आले होते. त्यामुळे मोबाइल त्यांच्या हातून थेट प्रविणकडे गेला. धाकट्याने केलेली कुठलीही गोष्ट थोरल्याच्या हातात पडली की पुढे काय होतं, हे या घरात आता नव्याने सांगायची गरज राहिली नव्हती.

रविवार होता. पेणहून आबा, सगुणाबाई, प्रविण, त्याची बायको अनिता आणि लेक मृणाली सकाळच्या गाडीने रोह्याला उतरून शेजारच्या वरसे गावात मिथुनच्या नव्या घरी जेवायला आले होते. आबा-आईंच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं होत होती. टीव्हीवर मुंबईहून रत्नागिरीला जाणारी नवी बोट दाखवली तेव्हा आबा म्हणाले होते, "एकदा बसायला पायजे हिच्यात." तेवढं वाक्य मिथुनने मनात धरलं आणि कंपनीत शिफ्ट चालू असताना पंपाच्या आवाजात मोबाइलवर सगळ्या घराची तिकिटं काढून टाकली. पेणचं माणूस रत्नागिरीला निघालं तर खाली दक्षिणेला जातं. यांना आधी वर मुंबईला जाऊन, बोटीत बसून, समुद्रातून स्वतःच्याच जिल्ह्याला वळसा घालून खाली यायचं होतं. हायवेवर खांब गावच्या नाक्यावर उभं राहून एसटीला हात केला तर बोट सुटायच्या आत रत्नागिरीत पोचता आलं असतं. पण हौसेला नकाशा दाखवू नये.

प्रविणने तिकिटं वाचली, मग बोटाने वर सरकवून पुन्हा वाचली. वरच्या वर्गात चार जण होते: आबा, आई, मिथुन आणि मिथुनची बायको मनस्वी. खालच्या वर्गात तीन: प्रविण, अनिता, मृणाली.

"हे वर-खाली काय हाय?" त्याने विचारलं.

मिथुनने उत्साहाने सांगायला सुरुवात केली. वर रुंद खुर्च्या, मोठ्या काचा, जेवण जागेवर आणून देतात. खालीही थंडगार आहे, खुर्च्याही चांगल्या आहेत, फक्त रांगेत आहेत आणि खायचं कँटीनवर जाऊन आणावं लागतं. वरची चारच उरली होती, आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर कोणी तरी नको का, म्हणून तो आणि मनस्वी. इथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण मिथुनला सगळं नीट समजावून सांगायची सवय, कंपनीत नव्या पोरांना सांगून सांगून लागलेली. तो म्हणाला की जिन्यापाशी एक माणूस उभा असतो, तो खालच्यांना वर सोडत नाही.

"म्हणजे वरसे वर आणि पेण खाली," प्रविण म्हणाला आणि मोबाइल उलटा करून गच्चीवरच्या सतरंजीवर ठेवला.

आता हे दुसऱ्या कुठल्या घरात झालं असतं तर अर्धा तास धुसफूस होऊन संपलं असतं. पण हे घर एका पंगतीचं होतं. आबांचे वडील मिठागरावर कामाला होते. मिठागराच्या मालकाकडच्या लग्नात त्यांना दुसऱ्या पंगतीसाठी मांडवाबाहेर थांबवलं, आणि आत गेले तेव्हा पानावर वाढपी पाणी घातलेली आमटी वाढत होता. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली, आमच्या घरात पंगत एकच बसेल, पहिली नाही आणि दुसरी नाही. तेव्हापासून ही शपथ घरात देवासारखी पाळली गेली. प्रविणच्या लग्नात एकच पंगत बसवायची म्हणून ती मांडवातून निघून रस्त्यावर गेली, वळणावरून वळली आणि शेजारच्या आळीत शिरली. पहिल्या पानावर ताक आलं तेव्हा शेवटच्या पानावर अजून मीठ पोचलं नव्हतं, आणि लग्न मिठागरवाल्यांचं. तरीही लोक आजवर कौतुकच करतात. प्रविणने पुढे मंडप-डेकोरेशनचा धंदा काढला तो याच अनुभवावर, असं आबा सांगतात.

तेव्हा प्रविणने तो प्रश्न स्वतःचा ठेवलाच नाही. तो सरळ आजोबांपर्यंत नेला. माणसांना वर-खाली बसवणारी बोटच आपल्याला नको, असं त्याने जाहीर केलं. मिथुनचं म्हणणं, बोट म्हणजे काय आपल्या घरचं लग्न आहे का? तिथे जो तो आपल्या तिकिटाप्रमाणे बसतो. मृणाली कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, वरचे जास्त देतात म्हणून खालच्यांना स्वस्त पडतं, वर्ग काढून टाकले तर सगळ्यांनाच महाग होईल. प्रविणने तिच्याकडे असं पाहिलं की तिने अर्थशास्त्र तिथेच मिटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

स्वयंपाकघरात जिताडा होता. चांगला मोठा, खाडीतला, आबांचे जुने दोस्त नूरमहंमद यांनी सकाळीच आणून दिलेला. सगुणाबाई रस्सा बघत होत्या, मनस्वी तुकड्या तळत होती आणि अनिता तांदळाची भाकरी थापत होती. भाकरीवर पडणारा हात नेहमीपेक्षा जोरात पडत होता.

"आमचं काय," अनिता भाकरीला म्हणाली, "आम्हाला खाली बसायची सवय हाय."

मनस्वीने ऐकलं. तिने मिथुनला तिकिटं काढायच्या आधीच सांगितलं होतं की असं करू नका, ताईंना वाईट वाटेल. पण नवऱ्याची चूक जावेसमोर उघडी करायची नसते, हेही तिला कळत होतं. म्हणून ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही जा वर माझ्या जागी. मी खाली बसेन मृणालीबरोबर."

"नको गो. तुझा तिकीट तुझा," अनिता म्हणाली.

हे नको कसलं होतं ते अनितालाच ठाऊक. खरी गोष्ट अशी, की मिथुनभावजी आम्हाला बोटीने नेणार आहेत हे कळल्याबरोबर तिने पेणला शेजारच्या पिंकीच्या आईला सांगून टाकलं होतं, आणि सांगताना फर्स्टक्लासने नेणार आहेत असं तिच्या तोंडून गेलं होतं. ते खोटं नव्हतं, अंदाज होता. आता परत जाऊन काय सांगणार? तिला वर जायचं होतं. पण जावेने उपकार म्हणून दिलेल्या खुर्चीवर बसून नाही. मनस्वीने आणखी एकदा म्हटलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती. मनस्वीला वाटलं, ताईंना राग आलाय, पुन्हा विचारू नये. दोघीही समंजस, त्यामुळे गाडी तिथेच अडकली.

सगुणाबाईंचं वेगळंच चाललं होतं. चार दिवसांपूर्वी मृणालीने त्यांना मोबाइलवर बोटीचा व्हिडिओ दाखवला होता. वरच्या वर्गात एक बाई खिडकीशी बसली होती. निळ्या कपड्यातली एक पोरगी ताट घेऊन आली, तिने ते बाईच्या पुढ्यात ठेवलं, थोडी वाकली आणि हसून काही तरी विचारलं. ती काय विचारते गो, असं सगुणाबाईंनी विचारलं. मृणाली म्हणाली, विचारतेय, अजून काही हवं का. सगुणाबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग दुसऱ्या दिवशीही पाहिला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही, पण त्यांना ते कोणी म्हटलं नव्हतं. त्यांना त्या खुर्चीत बसायचं होतं आणि त्या पोरीने आपल्याला विचारलेलं ऐकायचं होतं. अगदी मनापासून. आणि बाहेर गच्चीवर पोरं ते तिकीट रद्द करायच्या गोष्टी करत होती.

गच्चीवर तोपर्यंत बाजू बदलल्या होत्या. मिथुन दुखावला होता, त्यामुळे तोच आता म्हणत होता, राहू दे, रद्दच करतो सगळी. आणि प्रविण, ज्याला रद्द व्हायला हवं होतं, तो आता एवढं टोकाला जायला नको असं म्हणायला लागला. तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या अनिताने तोडगा काढला: अर्ध्या वाटेपर्यंत वरसे वर, अर्ध्या वाटेनंतर पेण वर. मिथुनने तो लगेच उचलला. अनितावहिनींचं बरोबर आहे म्हणाला. आपली बायको धाकट्याच्या बाजूला गेलेली पाहून प्रविणचं तत्त्व पुन्हा ताठ झालं, आणि आतून मनस्वी ओरडून म्हणाली की थोरल्या भाऊजींचंच बरोबर आहे, मध्येच उठवाउठवी केली तर लोक हसतील. अशा रीतीने दोन्ही जोडपी आडवी कापली गेली. पेणचा नवरा आणि वरशाची बायको एकीकडे, वरशाचा नवरा आणि पेणची बायको दुसरीकडे.

आबा टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसून हे ऐकत होते. शेजारी नूरमहंमद. दोघं एकाच वयाचे. नूरमहंमद जन्मभर मोठ्या जहाजांच्या भटारखान्यात राहिले, आखातापर्यंत किती तरी फेऱ्या केल्या, आणि आता रोह्यात नातवंडांच्या शाळेच्या रिक्षेची वाट बघत बसतात.

"नूर, वर नेमका काय असतं रे?" आबांनी हळूच विचारलं.

नूरमहंमद म्हणाले की वर असो की खाली, बोट लागली की सगळ्यांना सारखीच लागते, फक्त वरच्यांना ओकायला चांगली पिशवी मिळते. मग त्यांनी दोस्ताच्या तोंडाकडे नीट बघितलं. "जनू, तुला वर बसायचाय."

"गप. पोरं ऐकतील."

जनूआबांना वर बसायचंच होतं. नूरमहंमदला हे कळणारच, कारण तरुणपणी धरमतरच्या लाँचने मुंबईला जाताना दोघं बरोबर असायचे. खाली कोंबड्यांच्या पाट्या, भाजीची गाठोडी, आणि त्यात कुठे तरी हे दोघं पाय मुडपून. वरच्या बाजूला एकदा पांढऱ्या कपड्यातला एक माणूस पेपर वाचत बसलेला दिसला होता. वारा त्याच्या पेपराला लागत होता आणि तो पान दाबून धरत होता. बस, एवढंच. पण जनूला त्या वयात तो माणूस व्हावंसं वाटलं आणि ते वाटणं अजून गेलं नव्हतं. मागच्या आठवड्यात त्यांनी पेणच्या बाजारातून पांढरा झब्बा-लेंगा आणला, तो फार मळखाऊ नाही म्हणून सगुणाबाईंची बोलणी खाल्ली, पण तो कशासाठी आणला हे सांगितलं नाही. सांगणार कसं? ज्याच्या बापाने पंगत एक केली, त्याने वरची जागा मागायची?

"आबाच काय ते सांगतील," गच्चीच्या त्या टोकाकडून प्रविण म्हणाला. मिथुननेही मान हलवली. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

आबा म्हणाले, आधी जेवू.

पानं मांडली. आबा, त्यांच्या उजव्या हाताला नूरमहंमद, मग प्रविण, मग मिथुन. एकच पंगत. सगुणाबाईंनी जिताड्याचं डोकं आबांच्या पानात वाढलं, ते कायम त्यांचंच. पाहुण्याला मधली मोठी तुकडी, पोरांना त्याखालोखाल. अनिता भाकऱ्या घेऊन फिरत होती, मनस्वी रस्सा, मृणाली पाणी. पहिला घास झाला. मग आबांनी हात थांबवला आणि निकाल दिला.

"आपल्या घरात वर-खाली नाय. माझ्या बानं जे पाळलं ते मी बोटीत मोडणार नाय. मिथुन, तिकिटं परत कर. सगळी."

बोलताना त्यांना पांढरा झब्बा आठवला आणि हातातला घास त्यांनी परत पानात ठेवला. नूरमहंमदनी पाण्याचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

गंमत अशी झाली की कोणालाच आनंद झाला नाही. ज्याने तत्त्वाची गोष्ट काढली त्या प्रविणचा चेहरा पडला, कारण बोटीत बसायचं त्यालाही होतं. मिथुनच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. अनिताला पिंकीची आई दिसायला लागली. मनस्वी रश्श्याचं पातेलं घेऊन नुसती उभी राहिली. घराने सगळं तत्त्व जिंकलं होतं आणि हाती काही आलं नव्हतं.

सगुणाबाई भाताचं पातेलं घेऊन पंगतीच्या सुरुवातीला उभ्या होत्या.

"माझा तिकीट ठेव," त्या मिथुनला म्हणाल्या.

मिथुनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. प्रविण समजावणीच्या सुरात म्हणाला, "आई, तिकिटाचा प्रश्न नाय गो. तत्त्वाचा हाय. आपल्यात एकच पंगत बसते."

"व्हय. बसते ना. मी कदी बसले रे तिच्यात?"

प्रविण आबांकडे बघायला लागला.

आबांना उत्तर देणं भाग होतं. ते म्हणाले, "तुला कोनी बसू नको म्हटलं?"

"कोनी नाय म्हटलं. बस पण कोनी नाय म्हटलं." सगुणाबाईंचा आवाज चढला नव्हता. त्या भात मोकळा करत होत्या. "मामंजींनी पंगत एक केली, ती तुमची. दुसरी पंगत आमची. ती आत बसते, तुमची उठली की. तिला शेपटाचा तुकडा आणि तळाचा रस्सा. पन्नास वर्सं बसतेय मी तिच्यात, आता ह्या दोघी पण बसतात. मी कदी काय बोलले? पण तुम्ही बोटीला नावं ठेवू नका. बोट निदान सांगून तरी खाली बसवते."

प्रविणने आयुष्यात शेकडो मांडव घातले होते, प्रत्येक मांडवाच्या मागे स्वयंपाकाचा कोपरा काढून दिला होता, आणि त्या कोपऱ्यात मागाहून कोण जेवतं हे त्याला पुरतं माहीत होतं. फक्त ती पंगत आहे हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. तो पानाकडे बघत राहिला.

"त्या बोटीत वर बाई बसते," सगुणाबाई म्हणाल्या, "आणि पोरगी येऊन तिला विचारते, अजून काय पायजे का. मना ते ऐकायचा हाय. एकदा ऐकलं की बस."

मनस्वीने पातेलं खाली ठेवलं. "आईंचं ठेवणार असाल तर माझंही ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग अनिताचा हात धरून, या वेळी अजिबात समंजसपणा न करता, "आणि ताईंचं वरचं करा. त्या येणारच आहेत."

"येणार तर," अनिता म्हणाली. एवढ्या चटकन की तिचं तिलाच हसू आलं.

मृणालीने तोपर्यंत सतरंजीवरचा मोबाइल उचलून बघितलाही होता. वरची चार. आजी, आई, काकू आणि ती स्वतः. खालची तीन. तिने पंगतीकडे पाहिलं तर घरचे पुरुष बरोबर तीनच होते. नावं बदलता येतात, आधी कळवलं की झालं, असं तिने सांगितलं, आणि अर्थशास्त्राचा एक शब्दही मध्ये आणला नाही.

नूरमहंमद पाहुणे होते, त्यांना हसायची मोकळीक होती. ते पोट धरून हसले. "जनू, चल बाबा. कोंबड्यांची जागा तुझी वाट बघतेय," ते म्हणाले.

पोरं आबांकडे बघत होती. अजूनही आबांनी एक शब्द टाकला असता तर सगळं फिरलं असतं. त्यांनाच मान म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. बायकांपैकी एखादी आपणहून खाली गेली असती, बहुधा मनस्वी, आणि आबा झब्बा घालून खिडकीशी बसले असते. त्यांनी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्या उभ्या होत्या, हातात भाताचं पातेलं, पदर खोचलेला. आबांनी आठवून बघितलं तरी जेवताना समोर बसलेली सगुणा आठवेना. ती कायम उभीच होती. याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली हे कोणाला दिसू नये म्हणून ते घाईने बोलले.

"चार बाया वर. आमी तिघं खाली. ठरलं."

मिथुनने 'बरं' म्हटलं. प्रविण म्हणाला की कँटीनवरून तिघांचं मी आणीन, आणि धाकट्याच्या पानात स्वतःची अर्धी तुकडी सरकवली. भावाभावांतला समेट या घरात असाच होतो, तोंडाने होत नाही. अनिताने भाकऱ्यांची टोपली पुन्हा उचलली आणि जेवण पुढे सुरू झालं.

आबांनी दोन घास खाल्ले. मग काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "मदे एकदा वर येऊन बघून जाईन मी. लांबून. बसनार नाय."

"आबा, खालच्यांना वर सोडत नाहीत," मृणाली म्हणाली. "जिन्यात माणूस असतो ना. वरच्यांना खाली यायला चालतं."

आबांनी पान चाचपलं. त्यात भात संपला होता. त्यांनी मान वर केली.

"मग तू तरी येशील ना गो खाली?" ते बायकोला म्हणाले. "एवढा वेळ मी एकटा काय करू तिथं?"

सगुणाबाई वाकल्या आणि त्यांनी त्यांच्या पानात भात वाढला, नेहमीएवढाच.

"येईन की," त्या म्हणाल्या. "माझा जेवान झाला की येईन."